बाबांनी घेतलेली लाल सायकल: रंग राहू द्या, छर्रे बदला

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वडिलांनी १९८४ साली त्यांना २० इंची लाल सायकल घेऊन दिली. तिच्यावर त्या शिकल्या, मग धाकटा भाऊ, मग काकांची मुलं. वडील मागल्या वर्षी गेले. महाल भागातलं कवेलूचं, म्हणजे कौलारू, जुनं घर रिकामं करताना माळ्यावर ती सायकल निघाली. चाकं जाम, सीट फाटलेली, क्रोमवर गंज, समोरचा बिल्ला घासून गुळगुळीत. मागे वडिलांनी ओळखीच्या वेल्डरकडून झाळून घेतलेलं कॅरियर आणि चेन कव्हरवर पेंटरकडून लिहून घेतलेलं ताईंचं घरचं नाव. एकजण म्हणतो, सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग उतरवून, पावडर कोटिंग मारा, शोरूमसारखी होईल. दुसरा म्हणतो, भंगारात द्या, तेवढ्या पैशात नवी येते. ताईंची मुलगी ८ वर्षांची आहे आणि तिला हीच सायकल चालवायची आहे. सुरुवात कुठून करावी, काय बदलावं, आणि मुलीला हिच्यावर बसवणं सुरक्षित आहे का?

ताई, या दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका. विशेषतः पहिल्याचं. भंगारवाल्याला नाही म्हणता येतं, पण एकदा सँडब्लास्ट झाल्यावर काहीच परत आणता येत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगण्याला कारण आहे. सायकली उघडायला लागून मला ३० वर्षांवर झाली. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ त्यांच्या मोठ्या भावाची सायकल घेऊन आले होते. भाऊ हयात नव्हता. मला वाटलं, जीव ओतून काम करावं. जुना रंग पूर्ण उतरवला, तीन हात नवा रंग दिला, नवे स्टिकर शोधून लावले. सायकल खरोखर चमकत होती. ते आले, बघितलं, आणि वरच्या नळीवर मधोमध बोट फिरवत राहिले. थोड्या वेळाने विचारलं, "इथं घासलेलं होतं ना, ते कुठं गेलं?" भाऊ त्यांना पुढच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा. दप्तराचं बक्कल रोज त्याच जागी घासायचं आणि तिथं रंग उडून लोखंड दिसायचं. मी तीच जागा सगळ्यात काळजीपूर्वक घासून, लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केली होती. त्यांनी पैसे दिले, एक शब्दही वाईट बोलले नाहीत, आणि सायकल घेऊन गेले. त्या दिवसापासून कोणाचीही घरची सायकल आली की पाना उचलण्याआधी मी मालकाला शेजारी बसवतो आणि विचारतो, यावर काय काय घडलं ते दाखवा.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. सायकल अंगणात उजेडात आणा आणि घरातली सगळी माणसं जमवा, भाऊ, काकांची मुलं, आई असतील तर आई. प्रत्येकाला एकेक खूण दाखवू द्या. मडगार्डवरचा पोचा कोणी पाडला, हँडलची मूठ एकच का बदललेली आहे, दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचा डाग कुठे मुरला आहे. प्रत्येक खुणेचा जवळून फोटो काढा आणि तिथे सुतळीचा तुकडा बांधा. जिथे सुतळी आहे तिथे पॉलिश पेपर लागणार नाही, हे आधी ठरवून टाका. मी तर मालकाला वहीत दोन याद्या करायला लावतो. एका यादीत आठवणीचे भाग, दुसऱ्या यादीत जिवाचे भाग. चेन कव्हर, फ्रेमचा रंग, बिल्ला, घंटी, कॅरियर हे पहिल्या यादीत. ब्रेक, टायर, छर्रे (चाकातल्या बारीक लोखंडी गोळ्या), चेन, कॉटर पिना, ब्रेकच्या केबल हे दुसऱ्या. पहिल्या यादीतल्या कशालाही शक्यतो हात लावायचा नाही. दुसऱ्या यादीत माया दाखवायची नाही. "बाबांच्या वेळचे ब्रेकचे गुटके आहेत, राहू द्या" असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. ४० वर्षांचं रबर काचेसारखं कडक होतं आणि उतारावर धरत नाही. ते डबीत घालून ठेवा, सायकलवर नको.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आत्ताच उत्तर देतो. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी आपण दरवर्षी रंगवतो, शिंगांना बेगड लावतो, मग सायकलला नवा रंग दिला तर काय बिघडतं? नंदीला नवा रंग देणं हाच त्या सणाचा भाग आहे, दरवर्षीचा हात त्यावर चढत जातो. सायकलचा रंग एकदाच लागला, आणि त्यानंतर जे काही झालं ते त्या रंगावर उमटत गेलं. तो उतरवला की तुमच्या हातात १९८४ सालची फ्रेम राहील, पण ती तुमची आहे हे सांगणारं काही उरणार नाही.

बिल्ला घासलेला आहे म्हणून कंपनी कळत नाही, याची फार चिंता करू नका. त्या काळात आपल्याकडे येणाऱ्या सायकली बहुतेक मोजक्या कारखान्यांच्या असत. लुधियानाची हीरो १९५६ पासून, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ पासून, चेन्नईजवळच्या अंबत्तूरला १९४९ मध्ये सुरू झालेली टी. आय. सायकल्स, जिची हर्क्युलिस, बीएसए आणि फिलिप्स ही नावं, आणि आसनसोलची सेन-रॅले. पुढच्या चेनव्हीलमध्ये कापलेली नक्षी, नटांच्या डोक्यावरची अक्षरं, सीटखालचा पत्रा, इथे कुठेतरी नाव सापडतं. फ्रेमचा नंबर सीटच्या नळीजवळ किंवा खाली बीबीच्या, म्हणजे पायडलांचा अ‍ॅक्सल ज्यात फिरतो त्या, गोल डब्यावर ठोकलेला असतो. ओल्या फडक्याने हलकेच पुसा, वर कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. आणि एखादा पत्र्याचा छोटा बिल्ला कुठे अडकवलेला असेल तर तो फेकू नका. पूर्वी बऱ्याच शहरांत सायकलवर कर असे आणि तो भरल्याची ती खूण असे. मूळ कंपनीचे सुटे भाग आता मिळतील अशी आशा ठेवू नका, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखानासुद्धा जून २०२० मध्ये थांबला. पण छर्रे, चेन, पिना यांची मापं सगळ्यांची जवळपास सारखी असत, त्यामुळे काम अडत नाही.

आता फ्रेम. नागपूरचं एक चांगलं आहे. आपल्या कोरड्या हवेत लोखंड कोकणातल्यासारखं आतून सडत नाही. मे महिन्यात कवेलूखालच्या माळ्यावर जी भट्टी पेटते तिने रबर, रेक्झीन आणि प्लास्टिक मरतं, नळ्या मात्र बहुतेक वेळा वाचतात. तरी खात्री करायचीच. चाकं आणि सीट काढल्यावर फ्रेम उलटी करून हलवा. तांबूस भुसा थोडा पडला तर हरकत नाही. पापुद्रे पडले तर बीबीच्या डब्याच्या खालच्या बाजूला टोच्याने दाबून बघा. मग नाण्याने प्रत्येक नळी वाजवत जा. चांगली नळी टणटण बोलते, सडकी नळी मातीच्या मडक्याला भेग गेल्यासारखी बद्द वाजते. आमचे वस्ताद म्हणायचे, "पयले आयक, मंग पाना लाव."

फ्रेम वाकडी आहे का हे बघायला बारीक सुतळी पुरते. मागच्या एका काट्याला, म्हणजे जिथे चाकाचा अ‍ॅक्सल बसतो तिथे, सुतळी बांधा. ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या काट्याला ताणून बांधा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर फ्रेम सरळ. एकदोन मिलिमीटरचा फरक मुलांच्या सायकलला चालतो. त्याहून जास्त असेल तर कामाच्या माणसाकडे न्या, घरी दांडा घालून सरळ करायला जाऊ नका. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बाजूने बघा. मुलं सायकल भिंतीवर घालतात आणि चिमटा मागे वाकतो. हँडलच्या नळीमागे, जिथे वरची आणि खालची नळी जोडली आहे, तिथे रंगाला सुरकुती पडली असेल तर समजा की जोराचा मार बसलेला आहे.

तुमच्या वडिलांनी जोडून घेतलेल्या कॅरियरबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तुमच्या पत्रात त्याची एकच ओळ आहे, पण तीच मी तीनदा वाचली. एखाद्या बापाने मुलीच्या दप्तरासाठी कॅरियर झाळून घेतलं असेल तर ते सायकलवरचं सगळ्यात मोलाचं लोखंड आहे. तेवढंच ते धोक्याचंही असू शकतं, कारण साधी आर्क वेल्डिंग पातळ नळीला खूप तापवते आणि टाक्याच्या अगदी कडेला नळी कमजोर होते. तडा गेला तर बहुतेक वेळा टाक्यात जात नाही, टाक्याच्या शेजारी जातो, आणि रंगाखाली दिसत नाही. तो बघायची जुनी रीत आहे. टाक्याची जागा ओल्या फडक्याने स्वच्छ करून वाळवा. तिथे रॉकेल लावा, रॉकेल नसेल तर डिझेल. अर्धा तास थांबा, म्हणजे भेग असेल तर ते आत मुरेल. मग कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्या आणि पांढरा खडू किसून त्या जागी भुकटी चोळा. १०-१५ मिनिटांनी बघा. भेग असेल तर आतलं रॉकेल खडूत पाझरतं आणि केसासारखी काळपट ओली रेघ उठते. रेघ नाही आली तर कॅरियर आहे तसं राहू द्या. रेघ आली तर पुन्हा आर्क वेल्डिंग नको. गॅसवर पितळेची झाळ देणारा माणूस शोधा, पितळ कमी तापमानाला वितळतं आणि नळीला कमी इजा होते. त्याला स्पष्ट सांगा की जुना टाका घासून सपाट करायचा नाही. त्या ओबडधोबड टाक्यावरून तुमच्या मुलीने बोट फिरवलं पाहिजे.

उघडताना घाई नको. जाम झालेल्या प्रत्येक नटावर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून सोडा आणि दोन दिवस विसरून जा. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात चांगला रिंग पाना मिळतो, तो घ्या. अ‍ॅडजस्टेबल पान्याने जुने नट गोल होतात. हँडल निघत नसेल तर पिळू नका. हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट चार-पाच आटे सैल करा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्या. आतली पाचर खाली सुटते आणि हँडल आपोआप हलतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतात. बीबीचा उजवा कप, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, हाही उलट्या आट्यांचा असतो. तो काढायची सहसा गरजच पडत नाही, जागेवर ठेवूनच आत टॉर्च मारा.

कॉटर पिन हा मात्र खरा परीक्षेचा भाग. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, अ‍ॅक्सलला पकडून ठेवणारी ती पाचरीसारखी पिन ४० वर्षांत तिथे रुजलेली असते. लोक नट काढून हातोडीने थाड थाड मारतात. त्याने पिनेचं टोक फुलतं, आणि मारलेला प्रत्येक घाव बीबीतल्या छर्ऱ्यांवर आणि कपावर उतरतो. मी असं करतो. नट पूर्ण काढत नाही, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल करतो, म्हणजे आटे वाचतात. मग क्रँकखाली जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवतो, असा की पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल आणि क्रँकचा भार पाइपच्या कडेवर बसेल. आता घावाचा जोर जमिनीत जातो, छर्ऱ्यांवर येत नाही. एकच घाव, जड हातोडीने, नेमका. घाबरत मारलेल्या दहा घावांपेक्षा तो एक बरा. तरी नाही निघाली तर मोठ्या व्हाइसमध्ये दाबून काढणाऱ्याकडे जा. नवी पिन आणताना जुनी सोबत न्या, कारण ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा अगदी जवळच्या जाड्या मिळतात आणि डोळ्याने कळत नाहीत. बसवताना दोन्ही पिनांच्या सपाट बाजू एकमेकींच्या उलट दिशेला हव्यात, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि सायकल चालवताना लंगडल्यासारखी वाटते.

छर्रे सगळे नवे टाका. ही सायकलमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपकारी वस्तू आहे. बीबीत आणि मागच्या चाकात साधारण दोन सुती, म्हणजे पाव इंची, आणि पुढच्या चाकात दीड सुती असतात, पण तुमच्या सायकलमधून निघालेले मोजूनच घ्या. प्रत्येक बाजूचे छर्रे वेगळ्या वाटीत. हे काम मुलीला द्या. ८ वर्षांची मुलं छर्रे फार मन लावून मोजतात. कप आणि कोन (छर्ऱ्यांना आतून दाबणारा निमुळता नट) डिझेलने धुऊन नखाने चाचपा. नखाला खड्डा लागला तर कोन बदलायचा, नुसता नवा छर्रा टाकून भागत नाही. भरपूर ग्रीस, त्यात छर्रे मांडायचे, शेवटी एका छर्ऱ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. ठासून भरले तर एकमेकांना घासतात. कोन आवळताना आधी पूर्ण घट्ट, मग पाव फेरा मागे, मग हाताने चाक फिरवून थांबायच्या आधी ते मागे-पुढे डोलतं का बघायचं. डोललं म्हणजे बरोबर बसलं.

मागच्या चाकाचं फ्रीव्हील उघडू नका, आत बारीक कुत्री (अडकवणारे खटके) आणि त्यांच्या स्प्रिंगा असतात, त्या उडाल्या की शोधत बसावं लागतं. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून, फिरवून, उलटं करून निथळू द्या आणि पातळ तेल सोडा. टकटक स्पष्ट वाजायला लागली की झालं. चेनच्या २४ कड्या मोजा, त्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एक सूत जास्त भरली तर चेन गेली. चेन स्वस्त आहे, बदलून टाका.

टायर आणताना फसायला होतं, म्हणून नीट वाचा. दुकानात नुसतं "२० इंची द्या" म्हणू नका. २० इंची नावाचे दोन वेगळे टायर असतात. २० बाय १.७५ चा टायर ४०६ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. २० बाय १ ३/८ चा टायर बहुतेक ४५१ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. दोन्हींत साडेचार सेंटीमीटरचा फरक आहे, जोर लावून बसवता येत नाहीत. जुना टायर कितीही चिरलेला असला तरी त्याच्या कडेचा आकडा वाचा, तो पुसला असेल तर टायरच घेऊन जा. रिमच्या आत गंज असेल तर तो घासून साफ करा आणि स्पोकच्या निपलांवरून नवी पट्टी बसवा, नाहीतर ट्यूब आतून पंक्चर होत राहील. स्पोक दोन-चारच तुटले असतील तर तेवढेच बदलून चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या. सगळे गंजलेले असतील आणि चिमटीत दाबल्यावर कुरकुरत असतील तर पूर्ण सेट नवा टाका. हे काम मात्र चाक बांधणाऱ्या माणसाकडून करून घ्या, आपल्या हाताने शिकायला ही सायकल नको.

रंगाबद्दल आता एक काळजीची गोष्ट. जुन्या इनॅमल रंगांत, विशेषतः लाल आणि पिवळ्यात, शिसं असण्याची शक्यता असते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमची सायकल त्याच्या ३३ वर्षं आधीची. त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारायचा नाही. ती धूळच घातक. जिथे पापुद्रा सुटलाच आहे तिथे पाण्याने ओलं करून घासा, चिखल फडक्यात गोळा करून फेकून द्या, आणि त्या वेळी मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवा. रंग न उतरवण्याचं हे दुसरं कारण. अखंड रंग आहे तिथे तो बसू द्या. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ सुती कापड. पेट्रोल, थिनर, रॉकेल रंगाच्या बाकी भागावर नको. जुन्या ट्रान्सफरच्या, म्हणजे चिकटवलेल्या छापील, अक्षरांवर आणि तुमच्या नावावर तर मुळीच नको, पेंटरच्या हाताचं ते नाव थिनरच्या एका फडक्यात निघून जाईल. धुऊन वाळल्यावर गाड्यांना लावतात ते मेण दोनदा चोळा. लाल रंग आतून वर येतो. ४० वर्षांचा मळ गेल्यावर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बराच रंग शिल्लक निघेल. उघड्या लोखंडाला फक्त तेवढ्याच जागी रेड ऑक्साइड आणि बारीक ब्रशने जुळता रंग. थोडा वेगळा दिसला तर दिसू द्या. वरून क्लिअर लॅकर मारायचा मोह होतो, पण त्यातलं थिनर जुन्या इनॅमलला उचलून सुरकुत्या पाडतं. मुलीचे हात हँडलला जिथे लागतात तिथे नव्या मुठी लावा. आणि सायकल चालवून आली की हात धुवायचे, एवढा नियम घरात ठेवा.

क्रोमसाठी बाजारातल्या महागड्या क्रीमची गरज नाही. स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हँडलवर, रिमवर हळू घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ आहे म्हणून ओरखडा पडत नाही, आणि गंजाचा तांबूस चिखल निघत जातो. पुसून लगेच तेलाचं बोट फिरवा. नट-बोल्ट आणि लहान भाग लिंबूसत्वाच्या पाण्यात, एका लिटरला ५० ग्रॅम, काही तास ठेवा आणि मधे मधे बघत राहा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, खळखळून, उन्हात वाळवून तेल लावा. काळे ठिपके राहतील. तिथलं क्रोमच गेलेलं आहे, घासून ते परत येत नाही. पुन्हा क्रोम करून घ्यायचा सल्ला मी देणार नाही, त्यासाठी जुना थर पूर्ण उतरवतात.

सीट फाटली आहे म्हणता. खालच्या स्प्रिंगा आणि पत्रा चांगला असेल तर मोटरसायकलच्या सीटा शिवणारा कारागीर त्यावर नवा फोम आणि रेक्झीन बसवून देतो. जुनं रेक्झीन त्याच्याकडून परत मागून घ्या.

रंगाचं थोडंफार काम करायचं असेल तर पावसाळ्यात नको, दमट हवेत रंगावर पांढुरकी छटा येते. भर उन्हाळ्यातही नको, ब्रश ओढेपर्यंत रंग वाळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे सगळ्यात चांगले. पण सायकल चालू करण्यासाठी तोवर थांबू नका. २० इंची सायकल साधारण ६ ते ९ वर्षांच्या मुलांची. तुमच्या मुलीच्या हातात जेमतेम एक-दीड वर्ष आहे. मी असे बाप पाहिले आहेत ज्यांनी एकेका नटासाठी दोन वर्षं घालवली, आणि सायकल तयार झाली तेव्हा मुलाचे गुडघे हँडलला लागत होते. आधी जिवाची यादी पूर्ण करा, तिला बसवा, ठिपके आणि मेण नंतर होत राहील. खर्चही तसाच वाटा. टायर, ट्यूब, छर्रे, चेन, गुटके, केबल यांना हात आखडू नका, हे सगळं मिळूनही पावडर कोटिंगसह केलेल्या पूर्ण नूतनीकरणापेक्षा बरंच कमी लागतं.

तिला बसवण्याआधी ब्रेक तुम्ही स्वतः तपासा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. तिच्या लहान बोटांना तो पोचतो का ते बघा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. क्रोमच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेक फार कमी धरतात, म्हणून पावसात किंवा ओल्या रस्त्यावर ही सायकल द्यायची नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. सीट अशी ठेवा की दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. चेन मधोमध वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे. ठेवायची जागा कूलरपासून दूर असू द्या, कूलरचे तुषार दोन उन्हाळ्यांत रिमा खातात.

पहिली फेरी रस्त्यावर नको. सकाळी रेशीमबागेच्या मैदानावर न्या, खिशात नटांना बसणारे पाने ठेवा आणि भावालाही बोलवा. नव्या कॉटर पिना पहिल्या काही किलोमीटरमध्ये आणखी आत बसतात आणि नट सैल पडतात. पायडल मारताना "टक" असा आवाज आला तर लगेच थांबवा. नाही आला तरी तिच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की सायकल आडवी करा, दोन्ही पिनांवर एकेक ठोका द्या आणि नट पुन्हा आवळा. आठवड्याने परत एकदा.